मेटलसाठी गिटारचा पिकअप बदलायचाय? ऑर्डर देण्याआधी हे करून बघा

नागपुरात मेटल, म्हणजे जड, फाटक्या आवाजाचं रॉक संगीत, वाजवायला लागलेल्या पोरापोरींची तक्रार ठरलेली असते. गिटार आली, आवाज घडवणारा प्रोसेसर आला, रात्री हेडफोन लावून तासन्‌तास सराव झाला, पण आवडत्या बँडसारखा भरीव, ठोस आवाज काही निघत नाही. मग ग्रुपमधला कुणीतरी सांगतो, "पिकअप बदल ना भाऊ." पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, तारांच्या कंपनांची वीज करणारा चुंबकी भाग. सीताबर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानांत गिटारी, तारा, पिक, पट्टे मिळतात, पण चार पिकअप आलटून पालटून लावून ऐकायची सोय कुठून असणार? म्हणजे वस्तू ऑनलाइन मागवायची, तीही न ऐकता. आणि एकदा तिच्या वायरीला सोल्डर लागला की ती परत घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही. त्यामुळे निवडीचं बरंचसं काम आधी घरीच, मोजपट्टी आणि मल्टिमीटर हातात घेऊन उरकावं लागतं.

माझं मत आधीच सांगतो. मेटलसाठी सगळ्यात जास्त आउटपुटचा पिकअप शोधत बसू नका. गेन, म्हणजे सिग्नल फाटेपर्यंत वाढवण्याचं प्रमाण, वाढवायला प्रोसेसर आहे. पिकअपकडून हवा असतो तो घट्टपणा. जाड तार पाम म्यूट करून, म्हणजे तळहाताची कड तारेवर टेकवून, हाणली की आवाज ताडकन उठला पाहिजे आणि हात दाबताच थांबला पाहिजे, आणि डिस्टॉर्शनमध्येही कॉर्डमधले सूर वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत.

दोष खरंच पिकअपचा आहे का?

पहिली गोष्ट, रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही ऐकता ती एक गिटार नसते. मेटलमध्ये तोच रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, दोनदा, कधी चारदा वाजवून डाव्या-उजव्या बाजूला ठेवतात. खालचा धक्का बराचसा बास गिटार आणि किक ड्रमचा असतो. तुमची एकटी गिटार हेडफोनमध्ये तशी वाजणार नाही, पिकअप कितीही महागडा लावा. मोबाइलवर तोच रिफ दोनदा रेकॉर्ड करून एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकून बघा. निम्म्या लोकांची खरेदी इथेच रद्द होते.

दुसरी गोष्ट तारांची. ड्रॉप सी, म्हणजे नेहमीपेक्षा बऱ्याच खाली उतरवलेल्या, ट्यूनिंगला ९ नंबरचा बारीक संच लावला असेल तर तार ढिली पडते आणि प्रत्येक फटक्याला सूर आधी चढतो, मग उतरतो. ऐकणाऱ्याला तो चिखल वाटतो आणि दोष पिकअपला जातो. ड्रॉप सी साठी ११-५४ किंवा त्याच्या आसपासचा संच लावा, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा अशी जुळणी) करून घ्या आणि मग बोला.

तिसरी, गिटार कशात घातली आहे ती. साध्या पिकअपला समोर साधारण एक मेगाओहम इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) लागतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात अडॅप्टर लावून गिटार घातली तर वरचे सूर मरतात आणि आवाज घोंगडीखाली दबल्यासारखा येतो. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्यावरचं 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेलं बटण दाबलेलं आहे का, ते बघा. लांबलचक स्वस्त केबलही वरचे सूर खाते. घरात वाजवायला तीन मीटर पुष्कळ झाली.

आता मुख्य फुकटचा उपाय. पिकअपच्या दोन्ही टोकांना असलेले स्क्रू त्याची उंची ठरवतात. नवी गिटार दुकानातून येते तेव्हा ही उंची कुणी मनापासून लावलेली असतेच असं नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलपर्यंतचं (तारेखालच्या धातूच्या टोकापर्यंतचं) अंतर मोजा. ब्रिज पिकअपला (तारा गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीजवळच्या) २ मिलिमीटरच्या आसपास आणि नेकला (मानेजवळच्या) अडीच ते तीन, ही सुरुवातीची जागा. ब्रिज पिकअपची जाड तारेकडची बाजू अर्धा फेरा खाली उतरवली की पाम म्यूटमधला गोळा बऱ्याचदा सुटतो. फार जवळ आणाल तर चुंबक तार ओढतो, सूर डगमगतो आणि लवकर मरतो. पाव-पाव फेरा फिरवत, दर वेळी तोच रिफ वाजवत पुढे जा. सोबत गेनची कळ तिसऱ्या हिश्शाने खाली आणा. नवखा माणूस गेन नेहमीच जास्त ठेवतो, आणि गेन जितका वाढेल तितका घट्टपणा कमी होतो.

कूलरची घुंई आणि खरी शिट्टी

एप्रिल लागला की नागपुरात खोलीखोलीत कूलर, आणि ॲम्पमधून घुंई सुरू. 'पिकअप खराब झाला' ही ओरड याच दिवसांत वाढते. इथे थोडं शास्त्र समजून घ्यावं लागतं.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. पण मोटर, ट्रान्सफॉर्मर यांचं ५० हर्ट्झचं क्षेत्रही तिथेच पोचतं आणि त्याचीही वीज होते. गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो यावरच्या तोडग्यासाठी. उलट दिशेच्या चुंबकांच्या दोन कॉइल अशा जोडायच्या, की तारेचा आवाज एकमेकांत मिळतो आणि बाहेरची घुंई एकमेकींना मारते. हाच हंबकर. मेटलमध्ये हंबकर रुळला याचं मोठं कारण हे आहे, कारण घुंई गेनमधून गेली की डोंगराएवढी होते.

तरी हंबकर सगळं थांबवत नाही. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर यांचा किरकिरा आवाज गिटारच्या पोकळीतल्या उघड्या वायरिंगमधून शिरतो. परीक्षा सोपी आहे. गेन वाढवा, वाजवू नका, आणि खोलीतली एकेक वस्तू बंद करत जा. रेग्युलेटर बंद केल्याबरोबर आवाज गेला तर नवा पिकअप घेऊन काही होणार नाही. पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. काम स्वस्तात होतं. तारांना हात लावल्यावर घुंई कमी होत असेल तर ते बरोबर आहे, तारांचं ग्राउंड लागलेलं आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर वायरिंग उलटं असू शकतं. आणि बोटांना मुंग्या येत असतील तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कापून काम भागवणारे महाभाग मी बघितले आहेत; त्यांचा सल्ला घेऊ नका.

शिट्टीचं प्रकरण निराळं. गेन चढवून पिकअपवर पिकने हलकेच टकटक करा. स्पीकरमधून ती टकटक माइकवर केल्यासारखी मोठ्याने आली आणि जरा जोरात वाजवताच चिरकी शिट्टी बसत असेल, तर आतली कॉइल हलते आहे. चांगल्या पिकअपमध्ये हे होऊ नये म्हणून कॉइलमध्ये मेण मुरवलेलं असतं. स्वस्त गिटारीत ते नीट मुरलेलं नसतं. पिकअप बदलायला हे खरं कारण आहे. आणि हो, हे मेण साधारण साठ अंशांच्या पुढे मऊ पडून वितळायला लागतं, तेव्हा मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत गिटार ठेवून पोहे खायला जाऊ नका.

हातातल्या पिकअपचं माप

एवढं करूनही आवाज मिळमिळीतच असेल तर मल्टिमीटर काढा. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विच ब्रिजवर ठेवा, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकचं टोक आणि बूड यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. जुन्या धाटणीचे हंबकर ७ ते ९ किलोओहम दाखवतात, गरम, म्हणजे जास्त आउटपुटचे, म्हणवणारे १३ ते १७. व्हॉल्यूमचा ५०० किलोओहमचा पॉट (कळीमागचा बदलता रेझिस्टर) समांतर लागलेला असल्याने आकडा किंचित कमी येतो.

यात नागपूरची एक गंमत आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. डिसेंबरात २५ अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४५ अंशांना ८.६ दाखवेल. पिकअप काही गरम जातीचा झालेला नसतो, खोली झालेली असते. ऑनलाइन दिलेल्या आकड्याशी अर्ध्या-पाऊण किलोओहमचा फरक आला म्हणून माल नकली आहे असा निष्कर्ष काढू नका.

आणि हा आकडा म्हणजे आउटपुट नव्हे. तो फक्त कॉइलच्या तारेची लांबी आणि जाडी सांगतो. कॉइल जास्त वेढ्यांची असेल तर आउटपुट वाढतं, पण सोबत इंडक्टन्सही वाढतो. मधले सूर फुगतात आणि वरची धार बोथट होते. सेमूर डंकनचे जेबी आणि डिस्टॉर्शन हे दोन पिकअप घ्या. दोन्हींचा रेझिस्टन्स साडेसोळा किलोओहमच्या आसपास. पण जेबीत अल्निको ५ चुंबक आहे, डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक. जेबीचे वरचे मधले सूर पुढे येतात, सोलो गातो. डिस्टॉर्शन जास्त आक्रमक, खाली जास्त भरीव. नुसत्या मीटरवर दोघं जुळे भाऊ.

सिरॅमिक म्हणजे घट्ट आणि अल्निको म्हणजे गोल, हा ढोबळ नियम सुरुवातीला चालतो, पण डोळे झाकून पाळू नका. चुंबक, तारेचे वेढे, पोलचा आकार हे सगळं मिळून आवाज ठरतो.

जास्त आउटपुटचं भूत कुठून आलं

१९७२ मध्ये डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आला. सुट्या बदली पिकअपचा बाजार त्याच्यापासून सुरू झाला असं मानतात. सिरॅमिक चुंबक, पावणेचौदा किलोओहमच्या आसपास. त्या काळच्या ॲम्पमध्ये आजच्यासारखे गेनचे टप्पे नव्हते. ॲम्प फाडायचा तर पुढून जोरदार सिग्नल ढकलावा लागे, म्हणून गरम पिकअप लागे. आज दोन-चार हजारांच्या पेडलमध्येही लागेल त्याच्या दुप्पट गेन मिळतो. तरी सल्ला मात्र पन्नास वर्षांपूर्वीचाच चालू आहे.

टोकाचे गरम पिकअप वाईट असतात असं मुळीच नाही. डिमार्झिओचा एक्स२एन हा अत्यंत गरम पिकअप, आणि डेथ बँडच्या चक शुल्डिनर यांनी तो वापरून डेथ मेटलचा आवाज घडवला. पण त्यांच्या हातात आणि उजव्या मनगटात काय होतं तेही मोजायला हवं. नवख्याच्या हातात असा पिकअप चुका लपवतो आणि सोबत सगळा तपशीलही.

जितकं खाली ट्यून करणार, तितका पिकअप कमी फुगलेला घ्या. ई स्टँडर्ड किंवा ड्रॉप डी मध्ये थ्रॅश वाजवायचं तर जाड मधल्या सुरांचा पिकअप छान बसतो. ड्रॉप बी, ड्रॉप ए, सात तारा असा बेत असेल तर मध्यम आउटपुटचा, खालून आवळलेला, वरून स्पष्ट पिकअप हवा. बेअर नकलचा आफ्टरमॅथ हा सिरॅमिक याच कामासाठी प्रसिद्ध आहे, पण तो इंग्लंडहून मागवायचा म्हणजे कस्टम ड्यूटीसकट हिशेब करा.

गिटारचा स्वभावही बघा. आधीच जाड, काळोख्या आवाजाच्या महोगनी गिटारीत सेमूर डंकनच्या इन्व्हेडरसारखा गडद पिकअप घातला की खालचा भाग लोळतो. उलट, पातळ चिरक्या आवाजाच्या गिटारीत तोच इन्व्हेडर अंगावर मांस आणतो. ॲम्पला न लावता गिटार वाजवून ऐका, खोली शांत असताना. ती मुळात कशी वाजते हे कळलं की अर्धा निर्णय होतो.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह

ईएमजी ८१ चं नाव घेतल्याशिवाय मेटलची चर्चा पुढे जात नाही. मेटालिकाचे जेम्स हेटफील्ड यांच्या गिटारीत ब्रिजला ८१ आणि नेकला ६० ही जोडी वर्षानुवर्षं होती. हा ॲक्टिव्ह पिकअप. साध्या, बॅटरीविना चालणाऱ्या पॅसिव्हपेक्षा यात कॉइलला वेढे कमी असतात आणि आतच छोटा प्रीॲम्प बसवलेला असतो, तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. घुंई फार कमी, लांब केबलचा परिणाम जवळजवळ नाही, आणि खालचा आवाज आवळलेला. ॲक्टिव्ह पिकअपवर मीटर लावून काही कळत नाही, तेव्हा तो नाद सोडा.

पण ॲक्टिव्ह म्हणजे निव्वळ पिकअप बदलणं नव्हे. पॉट ५०० ऐवजी २५ किलोओहमचे लागतात. जॅक स्टिरिओ लागतो, कारण केबल आत गेली की बॅटरी चालू होते. म्हणजेच वाजवून झाल्यावर केबल काढायची सवय लावायची. ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर ईएमजीमध्ये काढून टाकतात. बॅटरीला पोकळीत जागा हवी, नसेल तर लाकूड कोरणं आलं. ईएमजीच्या संचात पॉट, जॅक आणि सोल्डरविना जोडायचे कनेक्टर सोबत येतात, ही मोठी सोय. बॅटरी खूप महिने टिकते. फिशमन फ्लुएन्स हा दुसरा प्रकार, त्यात एकाच पिकअपमध्ये दोन आवाज मिळतात, पण बॅटरी पुष्कळ लवकर संपते.

माझा कौल असा: बँड झाला आहे, स्टेजवर वाजवायचं आहे, व्हीएनआयटीच्या आरोहीसारख्या कॉलेज फेस्टमध्ये दुसऱ्याच्या ॲम्पवर आणि भलत्याच वायरिंगवर उभं राहायचं आहे, तर ॲक्टिव्हचा विचार करा. घरी हेडफोनवर शिकताय तर पॅसिव्ह घ्या, आणि फक्त ब्रिजचा घ्या. रिफ सगळे तिथूनच वाजतात. नेकचा आहे तो राहू द्या. त्याची उणीव सहा महिन्यांनी जाणवली तर बघता येईल. ब्रिजला ॲक्टिव्ह आणि नेकला पॅसिव्ह अशी खिचडी मात्र करू नका, पॉटचं गणित जुळत नाही.

ऑर्डरचं बटण दाबण्याआधी

मोजपट्टी घ्या. ब्रिजजवळ पिकअपच्या वर जाड ई आणि बारीक ई तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ४९ ते ५० मिलिमीटरला साधा हंबकर बसतो. ५१ ते ५३ आलं, आणि फ्लॉइड रोज किंवा फेंडर घाटाच्या ब्रिजवर तेच येतं, तर रुंद अंतराचा घ्या. डिमार्झिओ त्याला एफ-स्पेस्ड म्हणतं, सेमूर डंकन ट्रेमबकर. चुकून साधा लागला तर आवाज बंद पडत नाही, पण पोल तारेखाली नसलेला रोज डोळ्यांना खुपतो.

मागचं झाकण उघडून पॉटवरचा आकडा वाचा. ए५००के किंवा बी५००के असेल तर ठीक. २५०के असेल तर हंबकरची धार मरते, पॉटही सोबत मागवा. पिकअप प्लास्टिकच्या चौकटीत आहे की थेट लाकडात स्क्रूने बसवलाय, पोकळीची खोली किती, हे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सात तारांच्या गिटारीत दोन वेगवेगळ्या आकाराचे पिकअप चालतात, तेव्हा लांबी-रुंदी मोजल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. आणि नावाजलेला पिकअप निम्म्याहून कमी दरात दिसला तर अधिकृत विक्रेत्याचं बिल मागा. बिल नाही म्हणाला की समजून जा.

बसवताना

जुन्या वायरिंगचा फोटो आधी, कात्री नंतर. चार वायरींच्या रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. सेमूर डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून टेप लावायचा, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की आवाज पातळ येतो किंवा येतच नाही.

स्वतः करणार असाल तर पॉटच्या पाठीवर सोल्डर लावायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं. ४०-६० वॅटचं घ्या, पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासा, आणि पंखा-कूलर तेवढा वेळ बंद ठेवा. वाऱ्याने आयर्न थंड पडतं आणि सांधा वरून चिकटलेला, आतून सुटा राहतो. खिडकी उघडी असू द्या, धूर नाकात जाऊ देऊ नका. चांगला सांधा चकचकीत आणि पसरलेला दिसतो, गोळी होऊन बसलेला नाही.

नको असेल तर टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे द्या. गिटार त्याने आयुष्यात उघडली नसेल तरी हात तयार असतो. छापलेला नकाशा हातात ठेवा आणि एवढंच सांगा, "भाऊ, ही तार फार बारीक आहे, आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, आणि ही उघडी वायर बाकी कशाला लागली नाही पाहिजे." जुन्या पिकअपची कॉइल तुटली म्हणून तो कूलरच्या मोटरी भरणाऱ्याकडे मात्र नेऊ नका. मोटरीच्या तारेपुढे ही तार इतकी बारीक असते की त्याच्या यंत्रावर ती पहिल्या वेढ्यालाच तुटायची.

तारा चढवण्याआधी केबल लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करा. दोन्ही कॉइलवर आवाज आला पाहिजे. तारा लावल्यावर स्विच मधल्या जागी आणा. दोन्ही पिकअप मिळून आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येत असेल तर दोघांचा फेज उलटा आहे. नव्या पिकअपची सिग्नल आणि ग्राउंडची वायर अदलाबदल करा, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.

मग उंचीचं काम पुन्हा पहिल्यापासून, पाव-पाव फेऱ्यांनी, आणि प्रोसेसरमधलं गेन आणि ईक्यूही नव्याने लावा. जुन्या पिकअपसाठी जुळवलेल्या सेटिंगवर नवा ऐकून पैसे पाण्यात गेले म्हणणारे पुष्कळ असतात. जुना पिकअप, त्याचे स्क्रू आणि स्प्रिंगा एका पिशवीत घालून वर गिटारचं मॉडेल लिहून ठेवा. पुढे गिटार विकायची झाली तर तो परत बसवून नवा स्वतःकडे ठेवता येतो.